एकटीचा तंबू

"बाहेरून काही दिसतंय का गं?"

सासूबाई तंबूत आडव्या झाल्या होत्या आणि पायमोजे घातलेली त्यांची दोन्ही पावलं दाराबाहेर आली होती. तंबू दुकानाच्या मधोमध उभा होता. नाशिकच्या कॉलेज रोडवर पहिल्या मजल्यावरचं दुकान. भिंतींवर दोरखंड, पाठीवरच्या पिशव्या, बूट. कोपऱ्यात तीन-चार कॉलेजची मुलं एक बूट हातात धरून उभी होती आणि बूट सोडून आमच्याकडे बघत होती.

"पाय दिसतायत, आई," मी म्हटलं.

"पाय दिसू देत. बाकीचं?"

"बाकी काही नाही."

"मग कपडे बदलता येतील." आतून चेन ओढल्याचा आवाज आला, मग ती अर्ध्यात अडकल्याचा, मग "हात्तिच्या!" आणि मग, "अरे पराग, ही अंधारात अशी अडकली तर मी काय सकाळपर्यंत आतच बसू?"

पराग म्हणजे दुकानदार. दाढीवाला, उत्साही आणि हसू दाबण्यात अजिबात पटाईत नसलेला. "काकू, चेनमध्ये कापड आलंय. दुसऱ्या हातानं ताणून धरा."

"दुसऱ्या हातात टॉर्च असणार ना."

"टॉर्च कपाळाला बांधायची असते, काकू."

"असं होय?" आत काहीतरी खसखसलं. "केतकी, लक्षात ठेव गं. कपाळाची टॉर्च."

मी मान हलवली, जी त्यांना दिसणार नव्हती. माझं अर्धं लक्ष घरी होतं. जुईला आम्ही नानांजवळ, म्हणजे माझ्या सासऱ्यांजवळ, ठेवून आलो होतो. पहिल्यांदाच. निघताना मी म्हटलं होतं की हिला घेऊनच जाऊ या, तर आई म्हणाल्या, "दुकानात कुठे नेतेस पोरीला? बघतील की हे." नाना पेपरामागून म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही हं." घरातल्या कुठल्याही कामाबद्दल त्यांचं हे एकच वाक्य असायचं. गॅस सिलिंडर बदलायचा असो की पाहुण्यांना पाणी द्यायचं असो.

आई तंबूतून रांगत बाहेर आल्या. केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद. परागनं दुसरा तंबू शेजारी उभा केला होता, त्याच्याभोवती त्यांनी देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा घातली.

"हा बघा, सगळ्यात हलका," पराग म्हणाला. "याला वेगळे दांडेच नाहीत. आपल्या चालायच्या काठ्यांवर उभा राहतो. फक्त चारी कडांना मेखा ठोकायच्या."

"आणि खाली कातळ असला तर?"

पराग थबकला. "कुठे निघालाय, काकू?"

"रतनगडावरून हरिश्चंद्रगड. डोंगराच्या धारेनं. वर बोटभर माती, खाली सगळा कातळ. तिथे मेख कशात ठोकू? कपाळात?"

मुलं हसली. आता त्यांनी बूट खाली ठेवून दिला होता.

"काकू आधी जाऊन आल्यात वाटतं."

"कधीच नाही," आई म्हणाल्या.

मग पहिल्याच तंबूची पुन्हा तपासणी झाली. त्याला स्वतःचे वाकणारे दांडे होते, तो मेखांशिवायही उभा राहायचा, पण थोडा जड. शिवाय तो दोन पदरी होता. पराग सांगत होता, की एकपदरी तंबूत पहाटे आपल्याच श्वासाचं पाणी होऊन अंगावर ठिबकतं. आईंनी दोन्ही तंबू उतरवायला लावले, दोन्हींची पुरचुंडी दोन हातांत धरली आणि वांगी निवडावीत तशा त्या उभ्या राहिल्या.

"दोघांचाही दाखवू का? सोबत कुणी असेल तर—"

"एकटीचाच हवा. सोबत प्रमिलाताई आहेत, पण त्या घोरतात."

"आणि ताई, तुम्ही?" त्यानं मला विचारलं. "तुम्ही पण जाताय?"

उत्तर आईंनीच दिलं. "ती कशी येईल? दिवाळीनंतर कामावर रुजू व्हायचंय तिला."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनाही दिवाळीनंतरच निघायचं होतं. दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या, दोन्ही त्यांच्याच तोंडून आल्या होत्या, आणि त्या दोन्हींच्या मध्ये सात महिन्यांची जुई बसलेली आहे, हे जणू त्यांच्या गावीही नव्हतं.

सातपूरच्या एका औषधांच्या कारखान्यात मी तपासणी विभागात होते. जुई पोटात असताना राजीनाम्याचा विषय मीच काढला होता. माझं माहेर पार चंद्रपूरला, तुषार, माझा नवरा, संभाजीनगरला नोकरीला, तो फक्त शनिवारी येणार. आई तेव्हा पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "नोकरी सोडायची नाही. मी आहे." त्या शब्दावर मी रजा घेतली, ती वाढवून घेतली, साहेबांना तारीख दिली. आता आणखी मुदत मिळणार नव्हती. माझ्या जागी तात्पुरती आलेली मुलगी हुशार होती, आणि साहेबांनी ते फोनवर मला दोनदा ऐकवलं होतं.

आणि आता 'मी आहे' म्हणणारं माणूस एकटीचा तंबू निवडत होतं.

"तुला कुठला वाटतो गं?" आईंनी विचारलं.

हलका घेतला तर त्या लांबवर जातील, जड घेतला तर कंटाळून लवकर परततील, असलं काहीतरी माझ्या डोक्यात फिरत होतं. त्याला काही अर्थ नव्हता. सहल तर ठरलेलीच होती.

"स्वतः उभा राहणारा घ्या," मी म्हटलं.

"का?"

"कातळ आहे म्हणता ना."

"शहाणी माझी," म्हणून त्यांनी तो हलका तंबू परागला परत दिला.

रिक्षात त्यांनी पुरचुंडी मांडीवर घेतली होती. मी मनाचा हिय्या करून विचारलं, "आई, इतकं अचानक कसं काय?"

"अचानक कुठे? केव्हापासून आहे डोक्यात." आई पाटबंधारे खात्यात अनुरेखक होत्या, निवृत्त होईपर्यंत. अनुरेखक म्हणजे नक्की काय करतात, हे मी लग्नानंतर कधी विचारलंच नव्हतं. "साहेब लोक मोजणी करून आणायचे. आम्ही वर पारदर्शक कागद टाकायचा आणि शाईनं रेघा ओढायच्या. एक रेघ म्हणजे एक उंची. रेघा लांब लांब असल्या की सपाटी, जवळ आल्या की चढ, अगदी चिकटल्या की कडा. प्रवरेचं, मुळेचं सगळं पाणलोट माझ्या हातून गेलंय. तिथला नाला न् नाला सांगेन तुला."

"आणि कधी गेला नाहीत?"

"टेबलावरून कोण सोडतं? तो कोकणकडा काढताना तर श्वास रोखून ओढायला लागायचं, दोन रेघांमध्ये पेनाचं टोक मावत नसे. तुषार पोटात होता तेव्हा माझा हात थरथरायचा. तर साहेब म्हणाले, शालनबाई, कडा जरा सोपा करा."

"मग?"

"केला सोपा. काय करते! जाऊन बघून तर येते, किती सोपा केला ते."

मी हसले. त्याही हसल्या. मला वाटलं, हीच वेळ. "आणि..." मी म्हटलं.

त्या माझ्याकडे वळल्या. "काय?"

"काही नाही."

कसं विचारणार होते मी? ज्या बाईनं आयुष्यभर टेबलावर बसून डोंगर काढले, तिला 'जाऊ नका, माझी मुलगी सांभाळा' म्हणू? आणि 'मी आहे' हा शब्द काही मी लिहून घेतला नव्हता.

घरी आलो तेव्हा नाना आरामखुर्चीत होते, शर्ट पुढून ओला, आणि जुई त्यांच्या छातीवर पालथी झोपलेली. आम्हाला बघून त्यांनी नुसते डोळे मोठे केले. "हलू नका," ते कुजबुजले. "मी पण हललेलो नाही. कधीची तहान लागलीय."

आईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "छान," म्हणाल्या, आणि तंबू ठेवायला आत गेल्या. जुईला उचललं नाही, तिच्या केसांवरून हातही फिरवला नाही. मीच पुढे होऊन जुईला अलगद काढून घेतलं आणि नानांना पाणी दिलं.

हे गणपतीपासून असंच चाललं होतं, आणि ते मला तंबूपेक्षाही कळत नव्हतं. आता जुई शाळेत जाते, आजीशी पत्त्यांत खोटं खेळते, त्यामुळे तेव्हाचे ते दिवस मलाच खरे वाटत नाहीत. पण तेव्हा ते खरे होते. पहिले पाच-सहा महिने आई जुईला खाली ठेवायच्या नाहीत. मालिश त्यांची, धुरी त्यांची, पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घालणं त्यांचं. मला दूध पाजण्यापुरतं बोलवायच्या. आणि एक दिवस म्हणाल्या, "माझी कंबर धरलीय. अहो, तुम्ही धरा हिला, मी नुसतं पाणी घालते." मग पाणीही नानांच्याच हातात आलं. जुई त्यांच्याकडे झेपावली की त्या बाल्कनीत जाऊन तुळशीची पानं तोडायला लागायच्या. रडली की आतून हाक, "अहो, बघा जरा." नाना बिचारे पेपर टाकून उठायचे, गडबडायचे, लंगोट उलटा बांधायचे, आणि मी धावत जाऊन हातातून काढून घ्यायचे.

तुषारला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "थकली असेल गं."

"थकलेलं माणूस डोंगर चढायला जातं का?"

"मग विचार ना तिला."

"तुझी आई आहे. तू विचार."

"मी विचारलं तर तिला वाटेल तू सांगितलंस."

"मग मी विचारलं तर?"

"तर वाटेल मी सांगितलं." मग म्हणाला, "शनिवारी बघू."

शनिवारी आला, आईच्या हातची भाकरी खाल्ली, तंबूत झोपून बघितलं, "मस्त आहे हं आई" म्हणाला आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं गेला.

त्याच आठवड्यात आईंनी तंबूचं वजन करून घेतलं. पिशवीवर छापलेल्या वजनावर त्यांचा विश्वास नव्हता. गल्लीत रद्दीवाला आला, तशा त्या पुरचुंडी घेऊन खाली, मागून नाना, नानांच्या कडेवर जुई, आणि सगळ्यांच्या मागून मी. रद्दीवाल्यानं ती काट्याच्या आकड्याला अडकवली, चाचपली आणि नाक मुरडलं.

"कापड लई पातळ आहे, आजी. भाव नाही यायचा."

"भाव कोण विचारतंय? वजन सांग."

वजन छापल्यापेक्षा पुष्कळ जास्त भरलं. मेखा, दोऱ्या, पिशवी, हे कुणी धरलंच नव्हतं.

"छापलेलं वजन म्हणजे बायकांनी सांगितलेलं वय," नाना म्हणाले.

"आणि तुमची उंची हो? लग्न जमवताना सांगितलेली?"

रद्दीवाला इतका हसला की जुईही त्याच्याकडे बघून हसायला लागली. त्या दिवसापासून आई पाठपिशवीत तंबू आणि कणकेच्या पिशव्या भरून इमारतीचे जिने चढू-उतरू लागल्या. चार मजले वर, चार मजले खाली. शेजारच्या बायका दार उघडून बघायच्या. एकदा मी गच्चीवर कपडे आणायला गेले, तर आई तंबू उभारत होत्या. वाकून दांडे खोचत होत्या, गुडघ्यावर बसून कडा ताणत होत्या, आणि मग दोन्ही हात कमरेवर ठेवून सरळ उभ्या राहिल्या, समाधानानं.

कंबर. मी कपड्यांचा ढीग छातीशी धरून तशीच खाली आले. कणीक उचलायला कंबर ठीक होती, आणि माझी मुलगी उचलायला नव्हती. मी काय केलं होतं? काही बोलून गेले होते का? डोहाळजेवणापासूनचं एकेक वाक्य आठवून बघितलं. काही सापडलं नाही. जुईला काही असेल का, जे त्यांना दिसलं आणि मला दिसत नाही, असाही एक वेडा विचार आला, आणि त्या दुपारी मी उगाचच तिची बोटं, डोळे, कान तपासत बसले.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता पाळणाघर बघून आले. वर्षाच्या आतलं मूल घेत नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी घेत होते, पण तिथल्या खोलीत एकामागे एक लावलेल्या पाळण्यांतून एकच रडणं पुढे पुढे सरकत येत होतं, आणि मी चप्पल घालून बाहेर पडले. साहेबांचा फोन आला. "येताय ना नक्की?"

"हो सर," मी म्हटलं. कशाच्या जोरावर, देवाला ठाऊक.

दिवाळी दोन दिवसांवर आली. फराळाचं सामान आणायला आई आणि मी बाजारात गेलो होतो. आदल्या दिवशी त्यांनी तंबू गच्चीवर हवेसाठी उघडून ठेवला होता, आणि जुई रांगत आत शिरली होती. बाहेर काढली तर रडायची. नाना दाराशी बसून "कोण आहे घरात?" विचारायचे आणि ती किंचाळून हसायची. बाजारातून परतलो तर घरात कुणी नव्हतं. वर गच्चीवरून नानांचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

आम्ही वर गेलो. दोरीवर, चिमटे लावून, नीट झटकून, तंबू वाळत घातला होता. दोन्ही पदर वेगवेगळे. पाणी निथळत होतं. खाली बादली, बादलीत ब्रश, आणि फेसावर दुधाच्या सायीसारखे पातळ पापुद्रे तरंगत होते. जुई वॉकरमध्ये बसून चिमटा चघळत होती.

"आलात?" नाना खुशीत होते, बाह्या कोपरापर्यंत. "धुऊन टाकला. चांगला गरम पाण्यात. ब्रश मारला. जंतुनाशकही घातलं."

आईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. रव्याची पुडी बाहेर घरंगळली. त्या दोरीपाशी गेल्या, कापड बोटांत धरलं, उजेडाकडे केलं. जागोजागी पांढरे चट्टे पडले होते.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तूच! नवं कापड बाळाच्या अंगाला लागण्याआधी गरम पाण्यातून काढायचं, त्याची खळ जाते. झबलं तसंच घातलं तर केवढी बोललीस त्या दिवशी." नाना खरंच गोंधळले होते. "ही त्यात शिरते, कापड चाटते. वास येत होता त्याला, विचार हवं तर केतकीला. आणि खळ बघ किती निघाली."

"खळ नव्हती हो ती! पाणी अडवायचा थर होता! तंबू आहे तो, झबलं नाही!"

"मला त्यातलं काही कळ—"

"खबरदार!" आईंचा आवाज इतका चढला, की शेजारच्या गच्चीवरची बाई वाळवण सोडून बघायला लागली. "खबरदार कळत नाही म्हणालात तर. सगळं कळतं तुम्हाला. सत्त्व किती पातळ हवं ते कळतं. रडणं भुकेचं की झोपेचं, मला कळायच्या आधी तुम्हाला कळतं. न शिकवता कळलं का? गणपतीपासून शिकवतेय मी. हात बांधून बसलेय. पोर माझ्याकडे झेपावते आणि मी पाठ फिरवते, कशी फिरवते माझं मला माहीत. तुळशीला एक पान राहिलं नाही!"

नाना बादलीकडे बघत उभे. मी तर पिशवी हातातच धरून.

"मी घेतलं की तुम्ही सोडता," आई म्हणाल्या. आवाज उतरला होता. "तुषारच्या वेळी बघितलंय. मी आहे म्हटलं, की तुम्ही पेपर उघडला. ऑफिसातून येऊन सगळं मीच. आता हिला सोमवारी कामावर जायचंय आणि मला जायचंय. दोघींना जायचंय. घरात तिसरं धडधाकट माणूस आहे, पण त्याला कधी कुणी माणसात धरलंच नाही."

नानांनी विचारलं, "म्हणजे तुझी कंबर?"

"काही झालेलं नाही माझ्या कमरेला."

"आई," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "मला तरी सांगायचंत."

"तुला सांगितलं असतं तर तू सारखी यांच्या मागे उभी राहिली असतीस. असं धरा नाना, तसं नको नाना. आताही काय करतेस? ते लंगोट बांधायला घेतात आणि तू येऊन हातातून घेतेस. एकदा उलटा बांधू दे की. पोरीला काही कळतंय का सुलटं-उलटं?"

मी पिशवी खाली ठेवली. गेले दोन महिने मी त्यांच्या पाठीकडे बघून रडत होते, आणि ती पाठ माझ्यासाठीच फिरलेली होती. राग येत होता, हसू येत होतं, आणि नेमकं काय येतंय ते कळत नव्हतं. जुईनं चिमटा खाली टाकला, नानांनी तो उचलून पुसला आणि तिला परत दिला.

"विचारायचं होतंस," ते आईंना म्हणाले.

"विचारलं असतं, तर काय म्हणाला असतात?"

नानांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही म्हणालो असतो," ते म्हणाले. मग दोरीवरच्या कापडाला त्यांनी हात लावला, एका बोटानं, तापलेल्या कपाळाला लावावा तसा. "आता पाऊस कुठे असतो?"

"दव असतं डोंगरावर. ते पावसाहून वाईट."

त्यांनी मगभर पाणी घेऊन वरच्या पदरावर ओतलं. थोडं वरच्या वर घरंगळलं, थोडं चट्ट्यांतून खाली ठिबकलं. दोघंही ते ठिबकणं बघत उभी राहिली.

मीच परागला फोन केला. गरम पाणी आणि ब्रश ऐकून तो आधी हळहळला. मग म्हणाला, कापडाला लावायचा एक द्रव मिळतो, ब्रशनं पसरून वाळू द्यायचा. पण टिकेलच असं सांगता येत नाही. भाऊबीजेच्या दुपारी नानांनी तंबू गच्चीवर अंथरला आणि भिंत रंगवतात तशा पट्ट्या ओढायला बसले. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तू जा. जुईचं खाणं झालंय, झोप अजून व्हायचीय, आणि इथे वास आहे. तिला खाली ठेव, मी हात धुऊन आलोच." माझ्याच मुलीचं वेळापत्रक मला सांगितलं जात होतं. मी खाली गेले.

सोमवारी सकाळी फाटकाशी जीप येऊन उभी राहिली. तंबू पाणी कितपत धरेल, हे त्या दिवशीही कुणाला ठाऊक नव्हतं. आई तरी तोच घेऊन निघाल्या. वर टाकायला एक प्लास्टिकचा कागद घेतला, वजन पुन्हा वाढलं म्हणून स्वतःलाच दोन शब्द सुनावले. सलवार-कमीज, पायात बूट, डोक्यावर रुंद कडेची टोपी. मी त्यांना कधी अशा बघितल्या नव्हत्या. जीपमधून प्रमिलाताई ओरडत होत्या, "शालनताई, चला हो, उन्हं होतील!"

मीही कामावर जायच्या कपड्यांत खाली आले होते. नानांच्या कडेवर जुई.

आईंनी पाठपिशवी जीपमध्ये टाकली, वळल्या, आणि दोन्ही हात पसरले. "ये गं माझी बाय. ये."

गणपतीनंतर पहिल्यांदाच.

जुईनं त्यांच्याकडे बघितलं. मग वळून नानांच्या गळ्यात तोंड खुपसलं आणि त्यांची कॉलर मुठीत धरली.

"अगं, आजी आहे!" नाना घाईघाईनं म्हणाले. "टोपीमुळे. टोपीमुळे ओळखत नाही ती."

आईंनी टोपी काढली. पुन्हा हात पुढे केले. जुईनं एका डोळ्यानं बघितलं आणि पुन्हा आत शिरली, आणखी घट्ट.

प्रमिलाताईंनी पुन्हा हाक मारली नाही. आईंचे हात तसेच होते. मग त्यांनी एक हात खाली घेतला आणि दुसऱ्यानं जुईचं पाऊल धरलं, तेवढंच हाताला येत होतं.

"पाय गार आहेत हिचे."

"घालतो मोजे," नाना म्हणाले.

"आणि दुपारी झोपली नाही तर—"

"खिडकीशी नेतो. कावळे दाखवतो, झोपते."

"कावळे?" आईंनी विचारलं.

"मागच्या उंबरावर येतात ना. मी मोजतो, ती बघते, आणि बघता बघता झोपते. कधीचं चाललंय आमचं."

आईंना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्यांनी पाऊल सोडलं, टोपी डोक्यावर ठेवली, जीपमध्ये चढल्या आणि दार ओढून घेतलं. गाडी सुरू झाली, थोडी पुढे गेली, आणि काच खाली करून त्यांनी मान बाहेर काढली.

"किती असतात हो कावळे?"

"रोज वेगळे!" नाना मोठ्यांदा ओरडले.

त्या ओरडण्यानं दचकून जुईनं भोकाड पसरलं. जीप कोपऱ्यावरून वळून गेली. मी हात पुढे केले, आणि मग मागे घेतले. नाना तिला थोपटत, काहीतरी पुटपुटत जिना चढायला लागले होते. रडणं भुकेचं होतं की झोपेचं, मला ओळखता आलं नाही. मी पर्स खांद्यावर घेतली आणि बस थांब्याकडे चालायला लागले.